पेटीवर वाचलेली खाडी

नांदेडच्या मासळी बाजारात थर्माकोलच्या पेटीवर लिहिलेलं बंदराचं नाव वाचून मी कोकणातल्या एका खाडीच्या नकाशावर एक मासा बसवला. तो मासा त्या खाडीत नव्हता. कधीच नव्हता.

चूक एवढीच. अंगठ्याच्या नखापेक्षा लहान असा एक लाल ठिपका. पण त्या ठिपक्यानं मला जेवढं घाबरवलं तेवढं आजवर कुणी घाबरवलं नाही, आणि मी तसा लवकर घाबरणारा माणूस आहे. गुडघ्याच्या वर पाणी आलं की मला देव आठवतो.

असल्या माणसाला समुद्रातले मासे अभ्यासायला कुणी सांगितलं, हे आधी सांगतो. मी लातूरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. घर लातूर जिल्ह्यातल्याच मुरुडजवळचं, शेतीवाडीचं. ऐन तिशीत येईपर्यंत मी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे चांगल्या पावसाच्या वर्षी भरलेलं मांजरा धरण, तेही भिंतीवरून, कठड्याला धरून. पीएचडीला नाव घालायचं ठरलं तेव्हा नांदेडचे माझे मार्गदर्शक म्हणाले, "अरे, नदीतले मासे समद्यांनी वाटून घेतलेत. तळ्यातले बी गेले. समुद्र तेवढा शिल्लक हाय. घे." मी घेतला. समुद्र असा मला उरलासुरला मिळाला.

विषय होता किनाऱ्यालगतच्या माशांचं वितरण. म्हणजे कोणता मासा कुठं राहतो याची मतदारयादीच म्हणा ना. खाडीच्या मुखाशी कोण, आत चिखलात कोण, खडकापाशी कोण. भरतीबरोबर कोण आत येतं आणि पिल्लं कुठं वाढतात. ही यादी नीट झाली की कुठली जागा जपायची ते कळतं. पिल्लं जिथं वाढतात ती जागा गेली की समुद्रातला मासाही हळूहळू जातो, मग जाळं कितीही मोठं विणा. हे सगळं मला तोंडपाठ होतं. अडचण फक्त पाण्यात उतरायची होती.

पहिल्या खेपेला मी होडीत बसलो आणि होडीवाल्याच्या कमरेला अशी मिठी मारली की तो म्हणाला, "साहेब, मला सोडा हो, वल्हं मारायचंय." त्यानंतर मी जे ओकलो त्यात माझी वहीसुद्धा गेली. दुसऱ्या खेपेला मी धक्क्यावरच बसून राहिलो आणि लोक जे आणतील ते मोजलं. तिसरी खेप पावसाळ्यानंतरची होती. तिची तारीख जवळ आली तसं माझ्या पोटात रोज सकाळी होडी हलायला लागली. आणि नेमकं त्याच दिवसांत नांदेडच्या बाजारात मला ती पेटी दिसली.

बाजारातल्या त्या दुकानाचे मालक म्हणजे चाचा. त्यांचं घराणं निजामाच्या काळापासून नांदेडात मासळीच्या धंद्यात. आधी गोदावरीचे मासे विकायचे, आता बर्फातले समुद्राचेही. मार्गदर्शकांना भेटायला मी रविवारी नांदेडला जायचो तेव्हा त्यांच्याकडे डोकावायचो. चाचा कोळंबीची पेटी फरशीवर पालथी करायचे आणि कोळंबीत मिसळून आलेली बारीकसारीक मासळी हातानं बाजूला सारायचे. गिऱ्हाईक ती घेत नाही. मी घ्यायचो.

"मास्तर, ह्याचं काय करून राहिले तुम्ही?" त्यांनी एकदा विचारलं.

"अभ्यास."

"खायचा अभ्यास करा की. ह्यो कचरा हाय."

त्या दिवशी त्या कचऱ्यात मला अकरा पिल्लं सापडली. बोटभर लांब, पोटाशी पिवळसर, शेपटीवर काळा ठिपका. हा मासा पश्चिम किनाऱ्याच्या कुठल्याच यादीत मी वाचलेला नव्हता. मी पेटी उचलून बघितली. पेटीवर निळ्या मार्करनं कोकणातल्या बंदराचं नाव होतं, माझ्याच खाडीच्या मुखावरचं. मी विचार केला, मेलेला मासा काही पत्ता बदलत नाही. आणि तो खाडीतनं मी काढला काय किंवा दुसऱ्या कुणी काढून मला नांदेडला आणून दिला काय, फरक काय? उलट होडीचा त्रास वाचला.

पिल्लं मी लोणच्याच्या बरणीत औषधी पाण्यात घातली आणि लातूरच्या एसटीत बसलो. अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा बरणी पाझरली होती. कंडक्टरनं नाकाला रुमाल लावून मला शेवटच्या सीटवर पाठवलं. मी आनंदानं गेलो. शोध लावणाऱ्यांना जगानं मागच्या सीटवर बसवलंच आहे, असं काहीतरी त्या वेळी माझ्या डोक्यात होतं.

प्रबंधात मी लिहिलं: नमुना मिळाल्याचं ठिकाण, खाडीचं मुख. 'नांदेडचा बाजार' असं लिहिलं असतं तर परीक्षकांनी मला दारातनंच परत पाठवलं असतं. म्हणजे हे बरं नाही, एवढं मला तेव्हाही कळत होतं. लिहिताना हात जरासा थांबला होता. मग चालला.

पदवी मिळाली. गावात फेटा बांधला. काही वर्षं गेली आणि ठिपका मी विसरलो.

मग एक दिवस कॉलेजच्या पत्त्यावर कागद आला. ती खाडी जपण्यासाठी एक समिती बसली होती आणि तिच्या प्रस्तावात माझ्या नोंदीचा आधार दिला होता. खाडीच्या मुखाशी एका दुर्मीळ माशाची पिल्लं वाढतात, सबब मुखाचा सगळा पट्टा मासेमारीला बंद करावा. जाळं नाही, गळ नाही, ओहोटीला शिंपल्या वेचणंसुद्धा नाही. ऑनलाइन बैठकीत मी दोन शब्द बोलावेत, अशी विनंती होती.

मी तो कागद प्राचार्यांना दाखवला, शिपायाला दाखवला, बायकोला दोनदा वाचून दाखवला. आणि रविवारी पेढे घेऊन नांदेडला चाचांकडे गेलो.

"चाचा, तुमच्या पेटीतल्या माशानं आख्खी खाडी वाचणार हाय."

"कोणती पेटी?"

"ती हो, कोकणातली. कोळंबीची. निळ्या अक्षराची."

चाचांनी पेढा तोंडापर्यंत नेला होता, तो तिथंच थांबला. "मास्तर, कोकणाची कोळंबी माझ्याकडं कधी आलीच न्हाई. कोकणातून सुरमई येती, बांगडा येतो. कोळंबी समदी आंध्राची. काकीनाड्याच्या अंगाची."

"पण पेटीवर लिहिलेलं होतं..."

"पेटी तर फिरती राहती ना. सुरमई उतरली की रिकामी पेटी हैदराबादला जाती, तिकडून कोळंबी भरून वापस येती. चांगली पेटी हाय, फेकायची का?" त्यांनी मागं हात केला. भिंतीला पेट्यांची चळत होती. एकीवर तीन बंदरांची नावं एकावर एक लिहिलेली. शेजारी एक पुठ्ठ्याचा खोका, वर हापूस आंब्याचं चित्र, आत सुकट. "ह्यो बघा. आता ह्याच्यात आंबे हायत म्हणून लिहिता काय?"

मी पेढ्यांचा पुडा तिथंच ठेवला.

बाजारातून मी कुठं चाललोय हे न बघता चालत सुटलो आणि गोदावरीच्या घाटावर जाऊन बसलो. समोरचं पाणी पूर्वेला चाललं होतं, आंध्राकडं, जिथं ते समुद्राला मिळतं. माझी अकरा पिल्लं तिकडची होती. ह्याच नदीच्या टोकाची. मी तिच्या काठावर बसून त्यांना उचललं आणि देशाच्या दुसऱ्या किनाऱ्यावर नेऊन ठेवलं. मला घाम फुटला होता, आणि तो थंड होता. लोहा आलं तरी एसटीत तो सुकला नव्हता. शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "ताप हाय का?" मी हाव म्हणालो.

मार्गदर्शकांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "गप बस. समद्यांच्याच नकाशात एखादा ठिपका असा असतो."

"सर, पण लोकांची मासेमारी बंद व्हायलीय त्याच्यावर."

"आणि माझी सही हाय त्याच्यावर," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मी गप बसायचं ठरवलं. मला ते जमणारं काम वाटलं. पण चौथ्या दिवशी एका अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडे बाईमाणूस, मागं वारा.

"सर नमस्कार. तुमचा नंबर त्या कागदावर होता, म्हणून केला. मी इथं खाडीवरनं बोलतेय. आम्ही शिंपल्या वेचणाऱ्या बायका आहोत. सर, तो मासा तुम्ही नक्की कुठल्या बाजूला बघितलात हो?"

मी उभा होतो, खाली बसलो.

"नाही म्हणजे, आम्ही जन्मापासून इथं. आम्हाला कधी दिसला नाही. तुमच्या माशाचा फोटो घरोघर दाखवला. म्हातारीकोतारीसुद्धा नाही म्हणतात. पण तुम्ही शिकलेले, तुम्हाला दिसला असेल. एकदा आम्हाला दिसला ना, तर आम्हीच बंद करू सगळं. कुणी सांगायला नको."

खरं सांगायची ती वेळ होती. खरं माझ्या जिभेवर आलंही होतं. मी म्हणालो, "मुखाच्या... आतल्या बाजूला. चिखल आहे ना, तिथं."

"डाव्या की उजव्या?"

"डाव्या," मी म्हणालो. तिथं डावी बाजू आहे की नाही हेसुद्धा मला आठवत नव्हतं.

मग ती बाई आपणहून बोलत राहिली आणि मला पुरतं गार करून गेली. म्हणाली, "सर, एक सांगू? पिल्लं मुखाशी नसतातच. पिल्लं वर, आतल्या फाट्याला, तिवरांच्या मुळांत असतात. तिथं आम्ही जाळं लावत नाही. सासऱ्यांच्या आधीपासून कुणीच लावत नाही. आता तुम्ही मुख बंद केलंत, तर पोट घेऊन माणसं जाणार कुठं? त्या फाट्यातच शिरतील ना. पहिल्याच वर्षी सगळी पिल्लं संपतील."

म्हणजे माझ्या ठिपक्यानं बायकांची रोजची ओहोटी जाणार होती, आणि ज्या पिल्लांच्या नावानं हे चाललं होतं तीही जाणार होती. खाडी जपायला निघालेला मी दोन्ही बाजूंनी खाडी मारत होतो, लातूरला बसून, पंख्याखाली.

दोन दिवसांनी व्हॉट्सॲपवर फोटो आले. मांडीपर्यंत चिखलात उभ्या असलेल्या सहा-सात बायका, हातात टोपल्या. खाली लिहिलं होतं, 'सर दोन ओहोट्या डावीकडे शोधलं. नाही मिळाला. उद्या अजून पुढे जातो.'

पुढे! माझ्या डोळ्यांपुढं पाणी चढायला लागलं. चिखलात पाय रुतलेली बाई आणि मागनं येणारी भरती. मी मोबाइलवर त्या बंदराचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक काढलं. अख्ख्या लातूर जिल्ह्यात भरतीच्या वेळा बघून घाबरणारा मी एकटाच असेन. तासाला वर्गात बोलता बोलता मी घड्याळ बघायचो. आता पाणी चढत असेल, आता त्या परत फिरल्या असतील. फिरल्या असतील ना? फोन वाजला की माझ्या हातातला खडू पडायचा.

"काय झालंय तुम्हाला?" बायकोनं विचारलं. मी जेवताना भाताकडे बघत बसलो होतो. मी सांगितलं सगळं. पेटी, कोळंबी, डावी बाजू.

तिनं माझ्या ताटात वरण वाढलं. मग म्हणाली, "अहो, मग सांगून टाका ना त्यांना."

"डिग्री जाईल. नोकरी जाईल. लोक थुंकतील. मला भीती वाटतीय गं."

"तुम्हाला इथं पाटावर बसून एवढी भीती वाटतीय, आणि त्या बायांना चिखलात कुणी उतरवलं?"

मी ताटावरून उठलो, त्या बाईंना मेसेज केला, 'कृपया पुढे जाऊ नका, बैठकीत सर्व सांगतो.' त्यांचा उत्तरादाखल नुसता नमस्काराचा हात आला. त्यांनी विश्वास ठेवला होता, त्याचीच जास्त धास्ती वाटली.

बैठकीत मी एकटाच, दार लावून, कोपऱ्यातल्या संगणकावर बसेन आणि हळू आवाजात सांगून टाकेन, असा माझा बेत होता. पण प्राचार्यांना कॉलेजचं नाव दिल्लीपर्यंत गेल्यासारखं झालं होतं. त्यांनी सभागृहात मोठा पडदा लावला, सगळा स्टाफ बसवला, दोन वर्ग आणून बसवले. मागं बॅनर होता, त्याच्यावर माझा फोटो आणि समुद्राची लाट. लाट माझ्या गळ्यापर्यंत आलेली दिसत होती. टेबलावर हार ठेवला होता. प्राचार्य माझ्या शेजारी बसले आणि म्हणाले, "सर, दणकून बोला."

पडद्यावर चौकोन उघडत गेले. साहेब लोक, एक मॅडम, आणि एका चौकोनात ती बाई, तिच्या मागं दाटीवाटीनं बसलेल्या आठ-दहा बायका. पदर वाऱ्यानं उडत होते. समितीचे अध्यक्ष म्हणाले, "सरांच्या नोंदीमुळेच हा प्रस्ताव होऊ शकला. सर, बोला."

मी उभा राहिलो. आणि बोललो. पेटी सांगितली, पेटी कशी फिरते ते सांगितलं, कोळंबी काकीनाड्याची, पिल्लं तिकडची, मी त्या दिवशी खाडीवर नव्हतोच, मी होडीला भ्यालो होतो, आणि डावी बाजू मी मनानं सांगितली. सगळं. प्राचार्यांचा चेहरा मी बघितला नाही. मी पडद्याकडे बघत होतो, आणि पडद्यावर कुणाचाच चेहरा हलला नव्हता.

"सर," अध्यक्ष म्हणाले, "तुमचा आवाज येत नाहीये. माइक बंद आहे वाटतं. परत सांगता का?"

म्हणजे मी कबुली दिली होती ती फक्त माझ्या प्राचार्यांना, माझ्या स्टाफला आणि माझ्या दोन वर्गांना. ज्यांना द्यायची त्यांच्यापर्यंत एक अक्षर पोचलं नव्हतं.

प्राचार्यांनी टेबलाखालून माझा गुडघा गच्च धरला. पुटपुटले, "सर, देवानंच वाचवलं. आता नुसता नमस्कार म्हणा आणि खाली बसा. इथलं इथंच मिटवू."

खोटं कशाला सांगू, मी बसायला लागलो होतो. अर्धा वाकलो होतो. सगळं अंग म्हणत होतं, बस. एवढ्यात त्या चौकोनातली बाई कानाला हात लावून पुढं वाकली, माझं ऐकायला. मागच्या बायकाही वाकल्या. माझं ऐकू यावं म्हणून कुणी इतकं वाकलेलं मी वर्गात कधी पाहिलेलं नाही.

मी माइकचं बटण दाबलं आणि सगळं पहिल्यापासून परत सांगितलं. दुसऱ्यांदा जास्त वाईट झालं, कारण आता कोणत्या वाक्याला कोण काय तोंड करणार हे मला माहीत होतं. आवाज फाटत होता. मागच्या बाकावर कुणीतरी खुसखुसलं, आणि मी तसाच पुढं बोलत राहिलो. शेवटी म्हणालो, "पिल्लं कुठं वाढतात ते ह्या ताईंना माहीत आहे. आतल्या फाट्यात, तिवरांत. जपायची ती जागा आहे. मुख बंद केलं तर तीच जागा मरेल. माझा ठिपका काढा."

मग अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, आणि एकेक शब्द तोलत सांगितलं की मुख बंद करण्याचा प्रस्ताव आज बाजूला ठेवत आहोत. खाडीची पाहणी नव्यानं होईल, आणि ती तिथल्या लोकांना बरोबर घेऊन होईल. आतल्या फाट्याचं आधी बघू. आणि माझ्याबद्दल विद्यापीठाला कळवणं त्यांना भाग आहे. ते त्यांनी कळवलं. चौकशी अजून चालू आहे आणि पोस्टमन दिसला की अजूनही मी दारामागं होतो.

पण त्या वेळी मला एकदम हलकं वाटलं. डोळे भरून आले. भीती ओसरली की माणूस वाहवत जातो, तसा मी वाहवलो. त्या चौकोनाकडे हात जोडून म्हणालो, "ताई, मला माफ करा. तुम्हाला मी चिखलात फिरवलं. नव्या पाहणीला मी स्वतः येतो. होडीत बसतो, पाण्यात उतरतो, तुम्ही म्हणाल ते काम करतो. मला एकदा बोलवा."

बाईंनी मागं वळून बायकांशी काहीतरी बोलून घेतलं. मग माइकजवळ आल्या.

"नको सर. तुम्ही येऊ नका. तुम्हाला परत काहीतरी सापडायचं."